लाइनचोराचं घर

मंगळवारची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास असताना सदानंदच्या खिडकीशी एक म्हातारा आला आणि त्यानं जुन्या फेरफाराच्या नकलेचा अर्ज आत सरकवला. ठाण्याच्या त्या रेकॉर्ड-रूममध्ये असे अर्ज दिवसाला वीस यायचे. सदानंदनं वर न बघताच शिक्का उचलला. म्हातारा आत डोकावत म्हणाला, "साहेब, तुमी सापगावचे ना?" सदानंद हो म्हणाला. म्हाताऱ्याच्या तोंडभर ओळखीचं हसू पसरलं आणि तो वळून मागच्या माणसाला म्हणाला, "अरे, हे आपल्या शापूरकडचे. लाइनचोराचं घर म्हंत्यात ना, त्यातले हे." त्यात कुजकेपणा असा काही नव्हता. चिंचेखालचं घर म्हणावं, विहिरीजवळचं घर म्हणावं, तसं तो म्हणाला होता. पण शिक्का हवेतच राहिला. बावीस वर्षांची नोकरी, कल्याणला स्वतःचा ब्लॉक, दारावर नावाची पितळी पाटी, वंदनासारखी शिक्षिका बायको, असा सगळा व्यवस्थित चव्वेचाळीस वर्षांचा माणूस एका क्षणात सात वर्षांचा झाला आणि शाळेच्या ओट्यावर उभा राहिला. समोर पोरं, आणि पोरांच्या तोंडी ते गाणं, लडक्या चोर, लाइन चोर. त्यानं शिक्का मारला. तो उलटा पडला, आणि बावीस वर्षांत त्याचा शिक्का कधी उलटा पडला नव्हता.

त्या दिवशी डबा त्यानं उघडलाच नाही. एवढं काय झालं, असं तो स्वतःला विचारत राहिला, आणि उत्तर असं की काहीच झालं नव्हतं. गावात त्यांच्या घराला हे नाव चार पिढ्यांचं. खाडीवरच्या जुन्या बंदरापासून मुरबाडची शीव धरून सापगावावरून थेट डोळखांबच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत एके काळी एक छोटी रेल्वे होती. लोक तिला खाडीची लाइन म्हणायचे. जंगलातलं लाकूड आणि हिरडा तिच्यावरून बंदरात जायचा. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत एका उन्हाळ्यात ती लाइन नाहीशी झाली. रूळ गेले, पट्ट्या गेल्या, खिळेसुद्धा गेले, आणि त्याच दिवसांत लाइनीवर कामाला असलेला सदानंदचा पणजा लडकू हाही गेला. दोन्ही गोष्टी एकदम दिसेनाशा झाल्या म्हटल्यावर गावानं त्यांची सांगड घालून टाकली. एका माणसानं मैलोगणती लोखंड काय पाठीवर टाकून नेलं, हा प्रश्न गावाला कधी पडला नाही. सदानंदच्या आईची आजेसासू सकुबाई, म्हणजे लडकूची बायको, तिला कुणी विचारलं तर एवढंच सांगायची, "ते लाइनीबरोबर गेले." पुढं काही नाही. ती मरेपर्यंत हिरव्या बांगड्या घालायची. चोराच्या नावाचा चुडा, असं बायका तिच्या पाठीमागं म्हणायच्या आणि तिला ते ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायच्या. सदानंदचा बाप पाटबंधाऱ्यावर चौकीदार होता. कुणी लाइनचोर म्हटलं की तो चप्पल पायात सरकवून निघून जायचा, आणि सदानंदला बापाचा सगळ्यात जास्त राग आला असेल तर तो त्या चपलेचा. माणसानं भांडावं, निदान थुंकावं तरी. आता बाप नव्हता. आई होती, बासष्ट वर्षांची, सापगावात एकटी राहणारी. सदानंदनं उलटा शिक्का मारलेला तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि मनाशी म्हणाला, मी कागदांचा माणूस आहे, मी हे कागदावर काढीन. लडकू चोर होता की नव्हता, ते आई आहे तोवर काढीन.

पुढच्या रविवारी तो डोळखांबला उतरला. वाळू नावाचा तिथला एक माणूस त्याच्या ओळखीचा होता. दाखल्यासाठी चार हेलपाटे घालून शेवटी सदानंदच्या खिडकीशीच त्याचं काम झालं होतं, आणि त्याची त्यानं आठवण ठेवली होती. वाळू पुढं, सदानंद मागं, असे ते नाचणीच्या कापलेल्या शेतांतून चालले. "तुमी बगताय तो बांध नाय, साहेब," वाळू म्हणाला, "ही लायनीची वाट. बांध वाकडा जातो, ही कुटं वाकडी दिसती का?" आणि खरंच, एकदा सांगितल्यावर ती वाट दिसायला लागली. माती उंच करून घातलेली, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या, चढाव असा हलका की पायाला कळू नये. गावातली एकही वाट अशी नव्हती. गावच्या वाटा माणसाला दमवतात. ही मात्र दमू न देण्यासाठी कुणीतरी आखलेली, कुणीतरी टोपलीटोपलीनं घातलेली. सदानंदच्या पायांना ते कळत होतं आणि त्याला विचित्र वाटत होतं, कारण हे पाय ती वाट घालणाऱ्याच्याच रक्ताचे होते. एका ओढ्यावर दगडी मोरी अजून उभी होती. वाळूनं तिच्या दगडावरून हात फिरवला. "आमचा आजा सांगायचा, लोखंड सरकारनं नेलं. लढाईला. गोऱ्यानं उभं राहून उपटून घेतलं, नि ज्यांनी घातली त्यांच्याकडनंच उपटून घेतलं. आमच्या पाड्यावरचे पन दोगं गेले त्या लोखंडासंगं. एक आला, एक नाय आला." सदानंद थांबला. "आणि तुम्हांला कुणी चोर नाही म्हटलं?" वाळू हसला. "आमच्या पाड्यावर कोन कोनाला चोर म्हननार? गेले ते समद्यांचेच व्हते." किती सोपं होतं हे. सदानंदला त्या माणसाचा हेवा वाटला, अगदी सरळ, पोरासारखा हेवा. चार पिढ्यांची मान खाली गेलेली आणि उत्तर तीन तासांच्या वाटेवर, नाचणीच्या शेतात पडलेलं. पण वाळूच्या आजाचं बोलणं सापगावात कोण ऐकून घेणार? आणि लोखंड सरकारनं नेलं म्हणून लडकू चोर नव्हता, एवढंच ठरत होतं. तो बायको टाकून पळून गेला नव्हता, हे कुठं ठरत होतं? हा दुसरा प्रश्न त्या मोरीवर पहिल्यांदा त्याच्या मनात आला आणि तिथून पुढं त्यानं त्याला सोडलं नाही. पळपुटा पणजा चालेल का तुला, असं तो सबंध वाटभर स्वतःला विचारत होता, आणि उत्तर द्यायला टाळाटाळ करत होता.

त्यानंतरचे सात महिने सदानंदनं जेवणाच्या सुट्ट्या बस्त्यांत घालवल्या. रेकॉर्ड-रूमच्या मागल्या अंगाला लोखंडी मांडण्यांवर लाल कापडात बांधलेले असे बस्ते होते की ज्यांची गाठ सोडणारा माणूस मरून गेला होता आणि पुन्हा बांधणाराही. तो एकेक उतरवायचा, झटकायचा, शिंकायचा, वाचायचा, तशीच गाठ मारून परत ठेवायचा. सहकारी म्हणाले, सदाभाऊंना गुप्तधनाचा नाद लागला. वंदना म्हणाली, "डबा तरी खात जा. पणजोबा काही तुझी वाट बघत नाहीयेत." तो हसला नाही. बघतायत, असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटणं आपल्यासारख्या माणसाला शोभत नाही हेही वाटत होतं. घरात देव नाही, पितर नाहीत, पौर्णिमेला विहारात जाऊन बुद्धवंदना म्हणायची आणि बुद्धीला पटेल ते धरायचं, अशा वळणात तो वाढला होता. मेलेलं माणूस वाट बघत नाही. मग बस्त्याची गाठ सोडण्याआधी तो हात धुऊन का यायचा? सातव्या महिन्यात, जंगलखात्याच्या पत्रव्यवहारात चुकून गेलेलं, वाळवीनं कडा खाल्लेलं एक लांबट रजिस्टर हाताला लागलं. इंग्रजीत, वळणदार अक्षरात. खाडीची लाइन उखडून बंदरावर नेण्याची आणि तिथून जहाजानं लढाईच्या मुलखात पाठवण्याची सगळी नोंद. रूळ किती, पट्ट्या किती, खिळे किती. आणि शेवटी, रुळांबरोबर जहाजानं जायला निवडलेले मजूर. एकशे बारा.

त्यानं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. नावाचा रकानाच नव्हता. रुळांना कारखान्याचं नाव होतं, वाफेच्या दोन्ही इंजिनांना तर चक्क बायकांची नावं होती, माणसांना नुसता नंबर. नंबर, जात, अंदाजे वय, शेरा. ज्यानं त्यानं कमरेला लावायच्या पितळी बिल्ल्याचा तो नंबर. एकशे बारांत महार म्हणून लिहिलेले एकसष्ट, त्यांतले पंचविशीच्या आतबाहेरचे चाळीसेक. लडकू यांतला कोण? शेऱ्यांत बहुतेकांपुढं 'जहाजात चढला' असं होतं. काहींपुढं 'मयत'. आणि नऊ जणांपुढं 'फरार'. सदानंदनं ते नऊ नंबर मोजले, परत मोजले. आपण चोर शोधायला निघालो नव्हतो, पण आता आपल्यापुढं नऊ पळपुटे उभे आहेत आणि त्यांतल्या कुणाला तोंड नाही, असं त्याला झालं. मिटून टाकावं रजिस्टर. लाइन सरकारनं नेली एवढं सिद्ध झालं, त्याची नक्कल काढावी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी आणि गप्प बसावं. कोण विचारतंय पुढचं? पण त्याच्या बापानंही आयुष्यभर हेच केलं होतं. चप्पल पायात सरकवली होती.

शनिवारी तो सापगावला गेला. आई जानकीबाई परातीत तांदळाचं पीठ घेऊन भाकरीला बसल्या होत्या. सदानंदनं आधी चांगली बातमी सांगितली. लाइन सरकारनं नेली आई, शिक्क्यासकट कागद आहे. आईचा हात पिठात थांबला. तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "तुजा बाप असता तर." मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली, की त्यात नावं नाहीत, नुसते नंबर आहेत, आणि नंबर काही कळायचा नाही, तो बिल्ल्यावर असायचा. तसा काही बिल्ला घरात कधी होता का? जानकीबाईंनी चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलं, पुढं सारलं. सदानंदला वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यानं परत विचारलं, "पितळेचा, एवढासा, गोल?"

"व्हता," जानकीबाई म्हणाल्या. "मीच बुडवला."

आणि मग पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं त्या सांगायला लागल्या, चुलीकडं बघत, जसं काही चूलच विचारत होती. सकुबाईनं तो बिल्ला देव्हाऱ्यात ठेवला होता. मोठ्यांनी, म्हणजे पणज्यानं, जाताना तिच्या हातात दिला होता, जमा करायचा तो मुद्दाम घरी ठेवला होता, मी कामावर हाय याची खूण म्हणून. बाई माणसाला ती खूण ठेवायला देव्हाऱ्यासारखी दुसरी जागा कुठं? देवांबरोबर त्यालाही शेंदूर लागायला लागला. दर आमावस्येला थरावर थर. दोन-चार वर्षांत तो टाकांतलाच एक टाक होऊन गेला, खंडोबा कुठला आणि बिल्ला कुठला ते शेंदराखाली कळेना. मग छप्पन साल आलं, धम्म घेतला, आणि पुढल्या उन्हाळ्यात अख्ख्या वस्तीनं देव पाटीत भरून भातसेच्या डोहात सोडायचे असं ठरलं. "मी अठराची. तू पोटात. बाबासायबांचं भाषन तुज्या बापानं घरात इतक्यांदा सांगितलेलं की माज्या अंगात वारं भरलेलं. आमच्या घरची पाटी मीच उचलली. मातारी मागनं आली नदीपतूर. पाटीला हात घालती नि म्हंती, त्यो देव नाय गो, त्यो नको, त्यो देव नाय. मला वाटलं, हिला देव सुटंना झाल्यात. म्हनून काय पन बोलती. मी म्हटलं, आत्याबाय, आता नाय मागं बगायचं. नि दिली वतून." त्यांनी हाताचं पीठ परातीत झटकलं. "ती बसली तिथंच. रडली नाय. म्हनाली, बरं केलंस. मंग दोन दिसांनी मला एक थोरली बाय म्हनाली, अगो, त्यात बिल्ला व्हता मोठ्यांचा. तवा कळलं. सा वर्सं जगली मातारी त्याच्यानंतर. एकदा पन मला बोलून दाकवलं नाय. ती बोलली असती तर बरं झालं असतं रे."

सबंध घरातून नेमकी एकच वस्तू आणि ती आपल्याच आईनं, आपण पोटात असताना, आयुष्यातल्या सगळ्यात शहाण्या कामाच्या भरात पाण्यात सोडावी. रागवायचं कुणावर? तो रागावला नाहीच. त्याला त्या अठरा वर्षांच्या मुलीची, डोक्यावर देवांची पाटी घेऊन ताठ चाललेल्या त्या मुलीची, माया आली आणि पाठोपाठ नदीकाठी बसलेल्या म्हातारीची. दोघीही बरोबर होत्या. नदी खाडीलाच मिळते आई, असं काहीतरी तो पुटपुटला. "पितळ वाहत नाय," जानकीबाई म्हणाल्या. "त्ये तिथंच हाय गाळात." आणि त्यांनी परात पुढं ओढली, पीठ तळव्यानं सपाट केलं आणि बोटानं त्यावर काढायला लागल्या. "देव घासायचं काम माजं व्हतं. मागल्या बाजूनं शेंदूर पातळ, तिकडनं खोदलेलं हाताला लागायचं. एक ही अशी, पालथी खुर्ची. नि एक ही, आकडी." पिठात चार काढला होता, इंग्रजी चार, आणि शेजारी सात. "तुला कसं आठवतं?" सदानंदनं विचारलं. "आठवतं? तो साक्षरतेचा वर्ग नव्हता का आला गावात, नव्वद-ब्याण्णवला? बाईंनी यश्टीचे नंबर कळावे म्हनून इंग्रजी आकडे घेतले फळ्यावर. चार काडला, पाच काडला, सा काडला, नि सात काडला तवा मी उठले. नि परत गेले नाय. तू मला किती बोललास तवा. अंगठा उठवायची हौस हाय तुला, म्हनालास." ते तो म्हणाला होता. शब्द न् शब्द म्हणाला होता. सदानंदनं आईचा पिठानं भरलेला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सोमवारी तो कचेरी उघडण्याआधी दारात हजर होता. मांडणीपाशी जाईपर्यंत त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं की नऊ फरारांत सत्तेचाळीस निघाला तरी आईला सांगायचं, आणि मान वर करूनच सांगायचं. पळालेला माणूसही आपलाच असतो. मागं त्या नऊ नंबरांकडं बघताना त्यानं ते पाठ होऊ दिले नव्हते, इतका तो भित्रा होता, आणि ते त्याला आत्ता कळत होतं. त्यानं पान उलटलं. सत्तेचाळीस. महार, वय चोवीस. शेरा: 'बंदरावर ताप येऊन मयत, जहाजात चढण्यापूर्वी. तेथेच पुरला. बिल्ला परत मिळाला नाही.' बिल्ल्याचा शेरा एकशे बारांत त्या एकाच नंबरापुढं होता. सदानंद खाली फरशीवर बसला. चोर नाही, पळपुटा नाही, समुद्रापलीकडेही नाही. लाइनीच्या शेवटच्या टोकाला, सापगावपासून दीड दिवसाच्या वाटेवर. आणि सकुबाई सेहेचाळीस वर्षं हिरव्या बांगड्या घालून बसली होती, कारण निरोप कुणाच्या घरी न्यायचा हे रजिस्टरला ठाऊक नव्हतं. त्याला हुंदका आला. तो त्यानं दाबला नाही. मग उठून त्यानं नकलेचा अर्ज लिहिला, नियमाप्रमाणे, स्वतःच्याच खिडकीशी, आणि शिक्का सरळ मारला.

पुढच्या रविवारी मायलेक बंदरावर गेले. बंदर म्हणायला काही उरलं नव्हतं. खाडीच्या चिखलात एक दगडी धक्का, त्यावर रुळांच्या दोन खाचा, भोवती तिवरांची दाटी. ओहोटी होती. धक्क्याखाली एका होडीत रेती काढणारा एक माणूस दुपारची भाकरी खात बसला होता. सदानंदनं आईला हाताला धरून धक्क्याच्या टोकापर्यंत नेलं. नक्कल त्याच्या खिशात होती. ती वाचून दाखवावी असं त्यानं येताना ठरवलं होतं, पण जानकीबाईंनी हातानंच नको म्हटलं. त्या चिखलाकडं बघत उभ्या राहिल्या. सासरच्या थोरल्या माणसाचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही. देव पाण्यात सोडले, तरी ही एक गोष्ट जानकीबाईंच्या जिभेवरून सुटली नव्हती. घरात 'मोठे' म्हणायचं. सकुबाईनं तर मरतानाही नाव घेतलं नाही. चार पिढ्यांत ते नाव मोठ्यानं घेतलं ते फक्त शिव्या देणाऱ्यांनी. आई ओठ हलवते आहे, हे सदानंदनं पाहिलं. आवाज येत नव्हता. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला, धक्क्याच्या कडेला एक पाऊल पुढं गेल्या आणि शेतातून कुणाला जेवायला बोलवावं तशी हाक मारली, "लडकू! ओ लडकू!"

हाक पाण्यावरून पलीकडच्या तिवरांपर्यंत गेली. होडीतल्या माणसानं घास हातात धरून वर बघितलं. "आजी," तो ओरडला, "लडकू नावाचा इथं कोन नाय!"

"हाय," जानकीबाई म्हणाल्या. "तुज्या आदीपासनं हाय."